मागे कुणी बसलं की वाजणारा ब्रेक

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच गॅरेजमध्ये घडली आहे, आणि अजून संपलेली नाही.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही. मी मोटरसायकली दुरुस्त करणारी बाई आहे. आवाज आला की त्याचं कारण शोधायचं, सापडलं की काढून टाकायचं, एवढंच मला येतं.

आणखी एक आधीच सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही. सगळं भर दिवसा झालं, ऑगस्टच्या अखेरीस, लख्ख उन्हात.

आमचं लून पॉइंट कॅनडात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. गाव म्हणजे काय, हायवेच्या कडेला एक पेट्रोल पंप, एक चर्च, बंद पडलेली कागद गिरणी आणि माझं गॅरेज. गॅरेजमागच्या खोलीत मी राहते. मुलगी कॅलगरीला असते, नाताळात फोन करते. उन्हाळ्यात सरोवराला फेरी घालणारे मोटरसायकलवाले येतात, त्यांच्याशी बोलण्यात दिवस निघतो. ते गेले की नुसते ट्रक.

गावाच्या पश्चिमेला मोठा उतार आहे. तिथून उतरणारी प्रत्येक गाडी मला आधी ऐकू येते, मग दिसते.

त्या दुपारी मी कॉफी ओतत होते, आणि...

किंऽऽऽ...

लांबून. बारीक. दाताला लागणारा.

मागचा ब्रेक. मी न बघताच ओळखलं.

गाडी अर्वो लेहतिनेन यांची होती. अर्वो माझ्या वडिलांचे दोस्त, दोघांनी गिरणीत एकत्र काम केलेलं. पंचाहत्तरी उलटली तरी आपली जुनी, मोठी, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल त्यांनी सोडलेली नाही.

"अर्वो, तुम्ही येताय हे अख्ख्या जिल्ह्याला कळतं," मी म्हटलं.

"म्हणून तर आलो. चर्चसमोर थांबलो की सगळे माना वळवतात. बघ काय झालंय ते."

"डिस्कवर तेल तर नाही ना मारलंत?"

हे विचारावंच लागतं. आवाज करतो म्हणून ब्रेकवर तेल मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. आवाज जातो. ब्रेकही जातो.

"मी म्हातारा झालोय पोरी, मूर्ख नाही."

"एक असलं की दुसरं नसतं असं कुणी सांगितलं?"

ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असतील.

त्यांची बायको इर्मा जानेवारीत वारली. आमच्याकडे जानेवारीत कुणाला पुरता येत नाही, जमीन गोठून दगड झालेली असते. शवपेटी कब्रस्तानाच्या थंड कोठीत ठेवतात, आणि मे महिन्यात जमीन मऊ झाली की मग दफन. तोवर माणूस गेलेलंही असतं आणि नसतंही. तो सबंध हिवाळा अर्वो रोज त्या कोठीच्या दारापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. सगळं गाव बघायचं. कुणी काही बोलायचं नाही.

"कधीपासून आवाज येतोय?" मी विचारलं.

"मेपासून." थोडं थांबून ते म्हणाले, "दफनाच्या दिवसापासून."

मी ते नुसतं ऐकलं. माझं लक्ष चाकाकडे होतं.

मी अर्वोंना कॉफी दिली, गाडी घेतली आणि उतार चढून वर गेले. येताना मागचा ब्रेक हलका दाबला. मग जोरात. मग दाबून धरला.

काही नाही.

चूं नाही की चां नाही.

असं होतं कधी कधी. डॉक्टरसमोर ताप उतरतो तसं. मी मागचा ब्रेक उघडला. पॅड जाड होते. डिस्क सपाट होती. पॅडचा चकचकीत झालेला पृष्ठभाग घासून खडबडीत केला, पिना साफ केल्या, पॅडच्या पाठीला नेमकं लागतं तेवढंच ग्रीस लावलं. नेहमीचं काम. अर्वो खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडत होते. उतारावरून गाडी येत होती...

किंऽऽऽ...

अर्वो समोर येऊन थांबले, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"असं बघू नका," मी म्हटलं. "काल मी चालवली तेव्हा वाजला नाही."

"मग मी खोटं बोलतोय?"

"तुमच्या पायातच खोट असेल."

"तुझा बाप असता तर एव्हाना सापडलं असतं."

हे मला लागलं. मी पुन्हा गाडी काढली, पुन्हा उतार उतरले. काही नाही. माझं डोकंच फिरलं. शेवटी मी अर्वोंना म्हटलं, मागे बसा. तुम्हीच ऐका आणि सांगा.

बायकांच्या मागे बसायची सवय नाही, असं काहीतरी पुटपुटत ते बसले.

उतारावर ब्रेक दाबला, आणि तो किंचाळला.

सापडलं. मला एवढा आनंद झाला की मी गाडीवरच हसले. मागे वजन आलं की मागचं चाक रस्ता घट्ट धरतं, ब्रेकवर जोर येतो, आणि कुठेतरी काहीतरी थरथरतं. वजन नाही तर आवाज नाही. खात्री करायची म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पिशव्या मागच्या सीटवर बांधल्या. एका माणसाच्या वजनाइतक्या. एकटी गेले. वाजला. पिशव्या उतरवल्या, पुन्हा गेले. गप्प.

गाडी आत घेतली. मागचे दोन्ही फूटरेस्ट बूट मारून वर दुमडले. कुणी बसणार नसेल तर मी ते उघडे ठेवत नाही, काम करताना नडगीला लागतात.

"सामान किती घालता मागे?" मी हात पुसत विचारलं.

"काहीच नाही."

मी बाजूच्या दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या. एकीत रेनकोट. दुसरीत बायकी हातमोज्यांची जोडी, आणखी काही नाही.

"मग तुम्ही एकटे असता तेव्हा हा वाजतो कसा?"

बोलून गेले, आणि मग मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं.

अर्वो खुर्चीत बसले होते. हातात कप तसाच. हायवेवर एकही गाडी नव्हती. गॅरेजमध्ये फक्त तापलेलं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.

आणि मग ती टिकटिकही थांबली...

खट्.

थोड्या वेळाने, पलीकडच्या बाजूने...

खट्.

मी गाडीकडे पाहिलं. मागचे दोन्ही फूटरेस्ट खाली होते. उघडे.

"स्प्रिंग सैल असेल," मी म्हटलं. मी स्वतः वाकून पाहिलं. स्प्रिंग घट्ट होती. बोटाने फूटरेस्ट उघडवत नव्हता इतकी.

अर्वोंनी कप खाली ठेवला.

"ते मीच उघडले होते," ते म्हणाले. "आत्ता नाही. दफनाच्या दिवशी."

मग त्यांनी सांगितलं. कब्रस्तानातून सगळे मोटारीने परतले. इर्माने आधीच सांगून ठेवलं होतं की अर्वो, तू माझ्या दफनाला गाडीनेच ये. म्हणून ते मोटरसायकलने आले होते. निघताना त्यांनी गाडी सुरू केली आणि सवयीने बूट मारून तिचे फूटरेस्ट उघडले. आधी डावा, मग उजवा. जन्मभर ते असंच करत आले. आणि मग ते थांबून राहिले.

"कशासाठी थांबलात?"

"ती बसेल म्हणून." त्यांचा आवाज एकदम साधा होता. "खोदणारी माणसं बघत होती. मग लाज वाटली आणि निघालो. फाटकाशी ब्रेक दाबला तर हा आवाज. ती असताना कधी वाजला नव्हता."

 असं काही ऐकलं की मी हातांना काम देते. मी पुन्हा मागचा ब्रेक उघडला.

या वेळी काय शोधायचं ते माहीत होतं. आतला पॅड वाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि घासणारा थर स्क्रू ड्रायव्हरने कडेला रेटला. केसाएवढी फट उघडली. थर लोखंडी पट्टीपासून सुटू लागला होता. पहिल्या दिवशी मी जाडी पाहिली, चिकटवलेली कड पाहिली नाही. जोर आला की तो थर थरथरायचा, म्हणून आवाज. आणि एक दिवस तो निखळून पडणार होता. बहुतेक त्या उतारावरच.

मी अर्वोंना दाखवलं.

त्यांनी पॅड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे हा बदलला की आवाज बंद."

"बंद."

"मग नको बदलूस."

"अर्वो, ब्रेक जाईल."

"जाऊ दे."

"खाली हायवे आहे. ट्रक असतात."

"माहीत आहे मला काय असतं ते."

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. हा माणूस रागावलेला नव्हता. त्याचा हिशेब करून झाला होता. घरी गेल्यावर दिवा लावायला कुणी नाही, दोन वाक्यं बोलायला कुणी नाही. सबंध दिवसात त्याच्याशी बोलणारं असं एकच काही उरलं होतं, आणि ते मी काढून टाकायला निघाले होते.

मला रडू आलं असतं. मी चिडले.

"एकटे असता तर मी काही बोलले नसते," मी म्हटलं. "पण तुमचं म्हणणं आहे ना की ती मागे बसते? मग तिला घेऊन त्या ट्रकखाली जाणार आहात?"

त्यांनी हातातला पॅड खाली ठेवला.

"इर्मा त्या उताराला घाबरायची. मला माहीत आहे. माझ्या बापाला सांगायची, याला जरा समजावा, फार जोरात उतरतो."

 अर्वो उठले आणि सरोवराच्या बाजूच्या दाराकडे गेले.

"तिच्यासाठी बदल," ते पाठमोरे म्हणाले. "माझ्यासाठी नाही."

मी नवे पॅड बसवले. इतकं सावकाश मी कधी काम केलं नसेल. नवे पॅड डिस्कला बसावेत म्हणून काही वेळ हलके ब्रेक दाबत गाडी फिरवावी लागते. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली, पाय उचलणार तेवढ्यात...

खांद्यावर कुणीतरी थापटलं.

दोनदा.

मला वाटलं अर्वो. मागे वळले. ते अजून त्या दारातच पाठमोरे उभे होते.

जाकिटाचा पट्टा असेल, मी स्वतःला सांगितलं. पट्टा आत खोचला आणि निघाले. मिठाच्या पिशव्या बांधल्या नव्हत्या, पण वळणावर गाडी जड लागत होती. उतारावर ब्रेक दाबला. एकदम मऊ, एकदम शांत. तरी मला तो उतार सावकाश उतरावासा वाटला.

मग अर्वो स्वतः एक फेरी मारून आले. हेल्मेट काढलं तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"छान झालंय काम," ते म्हणाले. "काही आवाज नाही."

"हं."

"आता मला कसं कळणार, तायना?"

मी हात पुसत राहिले.

"जिवंत होती तेव्हा बरं होतं. बसली की माझ्या खांद्यावर दोनदा थापटायची. बसले, चल, असं. त्याशिवाय मी निघत नसे. मे महिन्यापासून रोज वाट बघतो, तेवढं एक होत नाही. निदान आवाज तरी होता."

माझा हात आपोआप खांद्यावर गेला. त्यांना त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ज्याची हा माणूस मे महिन्यापासून वाट बघतोय ते माझ्या खांद्यावर झालं, हे कसं सांगायचं? मी गप्प बसले आणि ते गेले. उतार चढताना गाडीचा आवाज ऐकू येत राहिला, मग तोही आला नाही.

त्या रविवारी सकाळी मी गॅरेज उघडलं. कोपऱ्यात माझी स्वतःची मोटरसायकल असते. तिच्या मागे मुलगी बसायची. ती कॅलगरीला गेल्यापासून मागचे फूटरेस्ट दुमडलेलेच होते, गंजून तसेच घट्ट बसले होते...

ते उघडे होते.

खाली गंजाचा बारीक भुगा पडला होता.

मी पेट्रोल भरायला निघाले. पंपावर ब्रेक दाबला. किंऽऽऽ...

माझे पॅड त्याच वर्षीचे. उघडून पाहिलं, वाइसमध्ये धरून पाहिलं, दोष नाही. मिठाच्या पिशव्या बांधल्या, वाजला नाही. काढल्या, नाही वाजला. उभा जन्म ब्रेक दुरुस्त करण्यात गेला, पण या आवाजापुढे मी हात टेकले.

दुपारी पुन्हा बाहेर काढली तेव्हा सुरू करतानाच खांद्यावर दोनदा थापटलं.

मला भीती वाटली. खूप वाटली. पण कुठे जायचं ते कळलं.

अर्वोंच्या फाटकाशी ब्रेक किंचाळला, आणि मी इंजिन बंद करायच्या आत ते पायऱ्यांवर आले. त्यांनी कॉफी केली, वेलदोड्याचा गोड पाव कापला. संध्याकाळपर्यंत इर्माबद्दल बोलत होते. दफनानंतर ते इतकं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी निघाले तेव्हा पाहिलं तर माझे फूटरेस्ट दुमडलेले होते. परतीच्या वाटेवर ब्रेक वाजला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी फूटरेस्ट पुन्हा उघडे.

सप्टेंबर असाच गेला, ऑक्टोबरही. जाताना वाजायचा, येताना गप्प. ती तिथे उतरत असेल तर पुन्हा माझ्याकडे का येते, मला माहीत नाही. ज्याच्यासाठी जाते त्याच्या खांद्यावर का थापटत नाही, तेही माहीत नाही. अर्वोंना मी काही सांगितलं नाही. एकदा तेच म्हणाले,

"दुसऱ्यांचे ब्रेक दुरुस्त करतेस आणि तुझाच ओरडतो."

"वेळ मिळत नाही."

"राहू दे." ते माझ्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. "घाई नको करूस."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बर्फ पडला. आमच्याकडे बर्फ पडला की मोटरसायकली मे महिन्यापर्यंत उभ्या राहतात. मी माझी स्टँडवर घेतली, बॅटरी काढली, फूटरेस्ट दुमडले, वर कापड घातलं.

रविवारी पिकअप घेऊन अर्वोंकडे गेले. फाटकाशी थांबले. ते पायऱ्यांवर आले नाहीत. दार मलाच वाजवावं लागलं.

त्यांनी दार उघडलं, माझ्या मागे रिकाम्या अंगणात पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज एकटीच आलीस?"

"रस्त्यावर बर्फ आहे, अर्वो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. कॉफी केली. त्या दिवशी आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

हे लिहितेय तेव्हा दुपारचे दोन वाजलेत. बाहेर पांढरं ऊन आहे. भिंतीपलीकडे गॅरेज आहे, आणि गाडीवरचं कापड मी सकाळी बाजूला करून पाहिलं आहे. फूटरेस्ट उघडे आहेत. परवा मी ते तारेने बांधून ठेवले होते, मग मलाच बरं वाटेना, म्हणून तार सोडून टाकली.

मागच्या हिवाळ्यात ती त्या थंड कोठीत मे महिन्याची वाट बघत होती. आता माझ्या गॅरेजमध्ये बघते आहे. मेपर्यंत गाडी निघणार नाही, हे मी तिला कसं सांगू...

आत्ता खांद्यावर थापटलं. दोनदा.

मी मागे वळून पाहिलं नाही. रस्ता बंद आहे, एवढंच म्हटलं.